सीटखालची वायर

बेव्हन रासमुसेनला मी शाळेपासून ओळखते, आणि शाळेपासूनच त्याला सांगत आलेय की बाबा रे, नाही म्हणायला शीक. कोणी काही मागितलं की ह्याची मान हललीच. वर्गात कोणी पेन्सिल मागितली की हा स्वतःची देऊन मोकळा, आणि मग मास्तरांची बोलणी खात बसायचा. आता साठी उलटून गेली तरी सवय तीच. त्या सवयीपायी गेल्या वसंतात आमच्या वॉरा गावात जे झालं ते मीच सांगते. दुसरं कोणी सांगायला बसलं तर बेव्हनचा एक तर देव करून ठेवतील नाहीतर खुनी, आणि मला दोन्ही ऐकवत नाही.

मी ग्लेनिस. इथलं पोस्ट आणि त्याला लागून असलेलं दुकान माझं. समोर दरी, पलीकडे टेकड्या, टेकड्यांवर घरं. घराभोवती एकर-दोन एकर गवत नसेल तर त्याला आमच्याकडे घर म्हणतच नाहीत. सप्टेंबर लागला, म्हणजे आमच्याकडचा वसंत, की हे गवत माणसाच्या अंगावर येतं. आज कापलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढंच. उन्हाळ्याच्या आत खाली आणलं नाही तर त्यात साप बसतात, आणि वाळलं की वणव्याला आयतं आमंत्रण. म्हणून प्रत्येक घरी बसून चालवायचा, पोटाखाली पाती असलेला छोटा ट्रॅक्टर असतो. आम्ही त्याला नुसतं मोवर म्हणतो. आणि प्रत्येक मोवर कधी ना कधी बेव्हनकडे येतो.

बेव्हन लोण्याच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे शहरात गेले, हा कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि तिथेच राहिला. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच नाही असं तो म्हणतो, आणि ते खरंही असेल, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाला नसता. इतकी वर्षं पात्यांशी खेळून त्याची दहाही बोटं जागेवर आहेत, ह्याचा मात्र त्याला अभिमान आहे. मशीन आलं की पहिल्यांदा किल्ली काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकणार, मग इंजिन चुकूनही सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी उपसणार, मगच पात्याखाली हात घालणार. मशीन आठवडाभर बंद पडलेलं असो, मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघत असो, ह्याच्यात बदल नाही. गरम इंजिनात पेट्रोल ओतताना कोणी दिसलं तर रस्ता ओलांडून जाऊन कॅन हातातून काढून घेणार. उतारावर वर-खाली चालवायचं, आडवं जायचं नाही. ओल्या गवतावर जायचंच नाही. उतरायचं तर आधी पाती बंद, मग ब्रेक, मग इंजिन. हे सगळं तो इतक्या हळू आवाजात सांगायचा की लोक हो हो म्हणत गाडीत बसायचे.

आता एवढ्या जपून राहणाऱ्या माणसाने अख्ख्या वॉराच्या बुडाखाली काय करून ठेवलं होतं ते ऐका.

मोवरच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं. कारखान्यातून तसंच बनवून येतं, आणि सपाट गावात ते ठीकही असेल. आमच्याकडे जमीन म्हणजे नुसते उंचवटे. चाक खड्ड्यात गेलं, तुम्ही जरा उडालात, की इंजिन बंद. फाटक उघडायला उतरा, बंद. वाटेतली फांदी उचलायला उतरा, बंद. मग पुन्हा ब्रेक दाबा, किल्ली फिरवा, शिव्या घाला. लोक कुरकुर करत बेव्हनकडे यायचे आणि म्हणायचे, ह्याचं काहीतरी कर बुवा. बेव्हन सीट उलटी करायचा आणि स्विचच्या दोन वायरी एका तुकड्याने एकमेकींना जोडून टाकायचा. झालं. मशीनला वाटायचं की माणूस कायम सीटवर बसलेलाच आहे.

पुढे पुढे तर सांगावंही लागायचं नाही. तेल बदललं, पातं धारेला लावलं, वायर जोडली, असं ते सर्व्हिसिंगमध्येच धरलेलं असायचं. ह्यावर योग्य उपाय नव्हता असं नाही. सीटखालची स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे बदलली की लहानसहान धक्क्याला इंजिन बंद पडत नाही, आणि माणूस खरंच उठला तर पडतं. पण त्याला अर्धा दिवस लागतो, माणसाला बसवून-उठवून बघावं लागतं, आणि ऐन हंगामात अर्धा दिवस कोणाकडे आहे? वायर जोडायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

आणि दरीत आवाज चांगला घुमतो. कोण कुठे गवत कापतंय ते आम्हाला घरबसल्या कळायचं. आवाज चालू आहे म्हणजे माणूस ठीक आहे, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. आवाज थांबला आणि माणूस जेवायला आला नाही, तर बघायला जायचं. वॉरातल्या बायकांनी नवऱ्यांवर असंच लक्ष ठेवलं होतं.

सप्टेंबरअखेरीस ग्रॅम टूही गेला.

ग्रॅम आणि उना वरच्या वळणावर राहायचे. ग्रॅम मोठ्या आवाजाचा, सगळ्यात पुढे, सदा घाईत. त्या दिवशी घरामागच्या उतारावर गवत कापता कापता वाटेत फांदी आडवी आली. तो मशीन चालू ठेवून, पाती फिरती ठेवून खाली उतरला आणि मशीनच्या खालच्या बाजूला जाऊन फांदी ओढायला लागला. मशीन घसरत त्याच्यावर आलं. त्याहून जास्त मी सांगणार नाही. उना स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. आवाज चालूच होता. चहाची वेळ झाली, टळून गेली, तरी आवाज चालूच, म्हणून ती म्हणाली की आज सगळं उरकूनच येणार दिसतोय. मग तिच्या लक्षात आलं की आवाज एकाच जागेवरून येतोय. पुढे-मागे होत नाहीये.

पोलिस आले, मशीन घेऊन गेले. बेव्हनने पहिल्याच दिवशी ठाण्यात जाऊन सांगितलं की ती वायर माझ्या हातची आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले की चौकशीचा निकाल यायला बरेच महिने लागतील. गावालाही ठाऊक होतं, कारण प्रत्येकाच्या सीटखाली तेच होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त उनाला. तिने आयुष्यात कधी मोवर चालवला नव्हता. सीटखाली स्विच असतो हेच तिच्या गावी नव्हतं.

ती पोस्टात यायची आणि माझ्यासमोर ग्रॅमवर चिडायची. म्हणायची, "मेल्याला उतरताना बंद करायला काय झालं होतं? कायम घाई. मला मागे ठेवून जायचीसुद्धा घाई." मी तिची पत्रं पुढे सरकवायचे आणि खाली बघायचे. अंत्यविधीनंतर गावातल्या एकाही माणसाने तिच्यापुढे तो विषय काढला नाही. बेव्हन तिला सांगायला निघाला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. फाटकापर्यंत जायचा, कडीवर हात ठेवायचा आणि परत फिरायचा. मी दुकानातून बघायचे. मला त्याचा राग यायचा, आणि त्याच्या जागी मी असते तर कडीपर्यंतसुद्धा गेले नसते, हेही कळायचं.

त्यानंतर बेव्हनने दुसरी कामं घेणं बंद केलं. स्प्रिंगांचं खोकं गाडीत टाकून तो दारोदार फिरायला लागला. सीट उलटी करायची, जोडलेला तुकडा काढायचा, स्विच पुन्हा लावायचा, त्या घरच्या माणसाला सीटवर बसवायचं, उठवायचं, पुन्हा बसवायचं. लोकांनी करू दिलं, पण तोंडं वाकडी करून. कोणी म्हणालं, आमची बुडं तोलायला लागलास की काय आता. कोणी म्हणालं, ग्रॅम मूर्खपणा करून मेला, त्याची शिक्षा आम्हाला का? बेव्हन ऐकून घ्यायचा. एरवी कोणी दोनदा नको म्हटलं की तो परत जायचा. ह्या वेळी तो दारातच उभा राहायचा, हातात स्प्रिंग घेऊन, शेवटी समोरचा कंटाळून शेडची किल्ली आणून द्यायचा.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत सगळी घरं झाली. राहिली एक. त्याची सख्खी बहीण नॅन्स.

नॅन्स बेव्हनहून मोठी. उंची माझ्या खांद्याएवढी, वजन पाखराएवढं, आणि हट्ट विचारू नका. नवरा लाइल गेल्यापासून पोस्टासमोरच्या टेकडीवर एकटी राहते. तिच्या घराखाली हिरवळ, हिरवळीखाली एकदम तीव्र उतार, आणि उताराच्या पायथ्याशी शेततळं. लाइल त्या उतारावर मोवर आडवा चालवायचा, कारण आडवं कापलं की गवतात फिकट-गडद पट्टे उठतात आणि घराच्या ओसरीवरून बघायला फार सुंदर दिसतात. उतारावर आडवं चालवणं म्हणजे उलटायला निमंत्रण, हे बेव्हनने त्याला आयुष्यभर सांगितलं. लाइल शेवटी झोपेत गेला, त्यामुळे नॅन्सचं म्हणणं असं की बेव्हनला काही कळत नाही. ती तशीच आडवी चालवायची. एका बाजूला कललेली, टोपी डोळ्यांवर, खाली तळं.

आणि त्यात तिच्या नातीचं, टेगनचं, लग्न ठरलेलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, त्याच हिरवळीवर, तळ्याकडे तोंड करून. नॅन्सला पट्टे हवे होते. लग्नाच्या फोटोत पट्टे दिसले नाहीत तर लाइलला काय तोंड दाखवू, म्हणायची.

बेव्हन स्प्रिंग घेऊन गेला तेव्हा मी तिथेच होते, लग्नाच्या केकचे डबे पोचवायला गेलेले. नॅन्सने त्याला शेडच्या दारातच अडवलं. तिचं वजन एवढं कमी की गोगलगाय आडवी आली तरी ती सीटवरून उडते. स्विच लावला तर दर चार हातांवर इंजिन बंद पडेल, उतारावर थांबून तिला पुन्हा चालू करावं लागेल आणि तिची कंबर त्याला तयार नव्हती. बेव्हन म्हणाला, मी स्प्रिंग तुझ्यापुरती बसवून देतो. ती म्हणाली, नको. तो म्हणाला, मग गवत मी कापतो. ती म्हणाली, तुझे पट्टे वाकडे येतात.

मग बेव्हनने आवाज चढवला. मी त्याला त्याआधी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"ग्रॅमला मी जोडून दिली होती ती वायर, नॅन्स. ह्या हातांनी."

"आणि मला कोणी जोडून दिली होती, छोट्या? तेव्हा म्हणालास, आता तुला त्रास नाही. आता म्हणतोस, मरशील. एक काहीतरी ठरव."

ती त्याला अजून छोट्या म्हणते. तो स्प्रिंग खिशात टाकून गाडीत जाऊन बसला. मी नॅन्सला म्हटलं, म्हातारे, तुला अक्कल कधी येणार? ती म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.

त्यानंतर पाऊस लागला. आमच्याकडे नोव्हेंबरात असा पाऊस सहसा पडत नाही. सगळा आठवडा दरी धुक्यात, गवत पोटरीपर्यंत चढलेलं, आणि शनिवार जवळ येत चाललेला. बेव्हन दिवसातून कितीदा तरी दुकानाच्या ओसरीवर येऊन उभा राहायचा आणि समोरच्या टेकडीकडे कान लावायचा. मी विचारलं की काही हवंय का, तर नाही म्हणायचा. पाव घ्यायचा आणि परवाचा पाव अजून घरी पडलाय हे सांगायचा.

बुधवारी तो काउंटरपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला की उद्या नॅन्स पार्सल घ्यायला येईल तेव्हा तिला जरा अडकवून ठेव. मी म्हटलं, किती वेळ? तो म्हणाला, जेवढं जमेल तेवढं. आता कोणाला बोलण्यात अडकवणं हे मला सांगावं लागतं का? गुरुवारी नॅन्स आली. मी लग्नाच्या पाहुण्यांपासून सुरुवात केली, टेगनच्या सासूच्या टोपीवर आले, तिथून माझ्या गुडघ्यावर. चहा केला. परत केला. नॅन्स उठायला लागली की मी म्हणायचे, ते ऐकलंस का तू? आणि मग काय ऐकलं ते मला सुचावं लागायचं. शेवटी बेव्हनची गाडी रस्त्याने परत जाताना दिसली, तेव्हा कुठे मी तिला सोडलं. तिचं वजन त्याला पाठ होतं. बहिणीला सीटवर न बसवताच त्याने वाळूच्या पिशव्या ठेवून स्प्रिंग बसवली होती, लहान धक्क्याला इंजिन बंद पडू नये एवढी मऊ. जोडलेला तुकडा काढून टाकला होता. तो म्हणाला, तिला कळणारसुद्धा नाही. लग्न झालं की सांगेन.

शुक्रवारी पाऊस थांबला. ऊन पडलं, पण जमीन पायाखाली पचपचत होती. त्या दिवशी शहाण्या माणसाने मोवर शेडबाहेर काढला नसता. दुपारी बेव्हन पार्सलं न्यायला आला होता, आणि मी त्याच्या हातात पावती देत होते, तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवर इंजिन सुरू झालं.

आम्ही दोघं ओसरीवर गेलो. झाडांमुळे उतार दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होतं. डावीकडून उजवीकडे. वळण. उजवीकडून डावीकडे. बेव्हन म्हणाला, वरची हिरवळ चाललीये. मग थोड्या वेळाने आवाज जरा खालून यायला लागला. तो म्हणाला, "उतारावर आली. आडवी जातेय." मी म्हटलं, मी फोन करते. तो म्हणाला, मोवरवर फोन कुठे ऐकू येतोय तिला. गाडीच्या किल्ल्या त्याने हातात घेतल्या होत्या, पण आवाज नीट जातोय, येतोय, म्हणून तो एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला.

आणि आवाज थांबला.

ग्रॅम जायच्या आधी असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, उतरली चहाला. तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. बेव्हनने मान हलवली. नॅन्स इंजिन कधी असं एकदम बंद करत नाही. ती आधी ते हळू करते, निवू देते, मग किल्ली फिरवते. लाइलने शिकवलेलं. हे मधेच तुटलं होतं.

तो गाडीत बसला सुद्धा. मी शेजारी चढले, दुकान उघडं टाकून.

उतारावर दोन गडद पट्टे होते आणि तिसऱ्याच्या मध्यावरून चिखलाची एक लांब घसरण थेट तळ्याकडे गेली होती. मोवर पुढचं एक चाक पाण्यात घालून तिरका अडकलेला. त्याच्याखाली नॅन्स. डोकं खाली तळ्याकडे, पाण्याच्या कडेला, कमरेखालचं सगळं मशीनखाली. मान ताणून तिने हनुवटी पाण्याच्या वर धरली होती.

बेव्हन गुडघाभर पाण्यात उतरला. आणि काय केलं असेल त्याने? पहिल्यांदा किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. मग वाकून प्लगची टोपी उपसली. मी ओरडले की अरे मूर्खा, बहीण आहे ती, आधी तिला काढ. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मोवरला दोर बांधून तो गाडीला बांधायला मला सांगितला, म्हणजे उचलताना मशीन आणखी खाली घसरू नये. तेवढं झाल्यावर त्याने तिच्या डोक्याखाली हात घातला.

नॅन्स म्हणाली, "तू माझ्या सीटखाली हात घातलास ना?"

"हो."

"चोर कुठला. आता उचल हे."

आम्ही उचललं. तिचा घोटा मोडला होता. तिच्या रबरी बुटाचं टोक पात्यापर्यंत आत गेलेलं होतं आणि त्यावर एक खाच पडली होती. पातं तिथे येऊन थांबलं होतं. बेव्हनने बूट काढून आतली बोटं मोजली, जोरात, लहान मुलाला मोजून दाखवतात तशी. पाच झाल्यावर तो चिखलात बसला आणि रडायला लागला. नॅन्स त्याला म्हणाली, रडतोस काय, पट्टे अर्धे राहिले माझे.

लग्न झालं. नॅन्सने दवाखान्यात राहायला साफ नकार दिला आणि पायाला प्लास्टर घालून हिरवळीवर खुर्चीत बसली. उतारावरचं गवत अर्धं कापलेलं, अर्धं उभं, मधे ती घसरण. टेगनने हट्टाने तिथेच उभं राहून फोटो काढून घेतला. दरीतलं सगळं गाव आलं होतं. उनाही आली होती, निळ्या ड्रेसमध्ये. ग्रॅम गेल्यानंतर ती प्रथमच चार माणसांत आलेली. मी तिला सावलीत बसवलं, ताटलीत सँडविच आणि लॅमिंग्टन केकचा तुकडा वाढून दिला.

आणि मग नॅन्स भाषण करायला लागली. मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण ती कोणाकडे बघते थोडीच. तिने टेगनचं कौतुक केलं, नातजावयाला दम दिला, आणि मग म्हणाली की आज लग्नाऐवजी तुम्ही माझ्या मयताला आला असतात, पण माझ्या ह्या छोट्या भावाने मला न विचारता माझ्या सीटखालची वायर तोडली. सीट रिकामी झाली की इंजिन बंद. मी पडले आणि आवाज थांबला, म्हणून हे दोघं धावत आले. नाहीतर मशीन चालूच राहिलं असतं, तुम्ही सगळे म्हणाला असतात, म्हातारी काय जोरात कामाला लागलीये, आणि चहा पीत बसला असतात.

लोक हसले. टाळ्या वाजवल्या. कोणीतरी बेव्हनच्या पाठीवर थाप मारली. हळूहळू मग हसणं विरलं, कारण एकेकाची नजर सावलीकडे गेली. उनाने ताटली खाली गवतावर ठेवली होती.

ती उठली आणि बेव्हनपाशी आली. मी चहाची किटली घेऊन त्याच्या शेजारीच उभी होते. तिने आवाज अजिबात वाढवला नाही.

"बेव्हन, ग्रॅमचं मशीन का नाही बंद पडलं?"

बेव्हनने हातातला कप माझ्याकडे दिला. म्हणाला, "कारण त्याची वायर मी जोडून ठेवली होती. त्याने सांगितलं म्हणून. न सांगता पण जोडली असती, सगळ्यांचीच जोडायचो. स्प्रिंग बदलता आली असती. मी बदलली नाही."

"मी आत बसले होते. शेंगा सोलत. मला वाटलं, चालू आहे, म्हणजे बरा आहे."

"माहीत आहे मला."

"आणि मी त्यालाच शिव्या देत होते."

मला वाटलं ती त्याच्या थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर मी मधे पडले नसते. ती त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. त्यात कोणाची तरी किल्ली होती, नेहमीसारखी.

मग ती म्हणाली, "माझं गवत गुडघ्यापर्यंत आलंय. तेव्हापासून कोणी कापलं नाही. सोमवारी ये. मागचा उतार काप. मी आत बसून ऐकते."

तो गेला. स्वतःचा मोवर गाडीवर चढवून गेला, आणि तेव्हापासून दर सोमवारी जातो. मी दुकानातून ऐकते. आवाज वर जातो, खाली येतो, वर जातो. ग्रॅम जिथे पडला त्या जागेपाशी झाडाच्या फांद्या अजून गळतात, आणि त्या उचलायला बेव्हनला उतरावंच लागतं. तो उतरला की दरी शांत होते. तेवढ्यात उना स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते. तो हात वर करतो, ती बघते, आणि आत जाते.